एकोणिसाव्या पानावर पुरलेला नवरा

श्कोदर गावात जर्मनीचा किंवा ऑस्ट्रियाचा कुणी लेखक वही घेऊन उतरला की हॉटेलवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे एकाच दाराकडे बोट दाखवायचे. ते दार प्रेंदाबाईंचं. वय सहासष्ट, आवाज खणखणीत, आणि जर्मन अशी की ऑस्ट्रियाची माणसंसुद्धा आपलं व्याकरण सावरून बोलायची.

ही भाषा तिला वडिलांनी शिकवली. ते औषधं बनवणारे, तरुणपणी ऑस्ट्रियात ग्राझला शिकलेले. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत घरात चार जर्मन पुस्तकं सापडली म्हणून सात वर्षं तुरुंगात गेले. सुटून आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर लेकीला स्वयंपाकघरात बसवलं, नळ मोठा सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड जर्मन क्रियापदं घोकून घेतली. राजवट पडली तेव्हा अख्ख्या गावात ही भाषा नीट बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. प्रेंदा शाळेत शिकवू लागली आणि सुट्टीत दुभाषी म्हणून फिरू लागली.

तीस वर्षं फिरली. येणारा प्रत्येक जण वेगळा, पण प्रश्न एकच. कालच्या बॅचनं आजच्या बॅचला प्रश्नपत्रिका फोडून दिल्यासारखा. "इथे अजून रक्ताचं वैर, खुनाला खून, पाळतात ना?" पहिल्या दिवशी वैराची चौकशी, दुसऱ्या दिवशी डोंगर, तिसऱ्या दिवशी पोट बिघडायचं. प्रेंदा म्हणायची, अहो, वैर होतं, काही घरांत अजून आहेही, आणि ज्यांच्या घरात आहे त्यांना विचारा, ती काही मजा नाही. पण या गावात नाटकमंडळी आहे, दंतवैद्य आहेत, नगरपालिकेची भांडणं आहेत. लेखक मान डोलवायचा. वहीत मात्र डोंगर लिहायचा.

पण दुभाष्यानं मध्ये स्वतःचं तोंड घालायचं नाही, हा तिचा नेम होता. समोरचा मूर्खासारखं बोलला तर तेही तितकंच मूर्खासारखं पलीकडे पोचवायचं. नवरा झेफ म्हणायचा, "एवढा राग येतो तर दोन शब्द इकडचे तिकडे कर की!" ती म्हणायची, "तू सायकलला दोन आरे कमी बसवतोस का?" झेफचं घराखालीच सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि सायकलींच्या गावात ते दुकान कधी रिकामं नसायचं.

एका ऑक्टोबरमध्ये गुद्रुन ट्राउनर नावाची ऑस्ट्रियन लेखिका वरच्या खोलीत अठरा दिवस राहिली. सभ्य बाई. बशी स्वतः विसळायची. ती गेली, आणि दोन वर्षं तिच्याकडून काही कळलं नाही.

मग जूनमध्ये जर्मनीतल्या कासेल गावचं एक जोडपं दारात उभं राहिलं. पुरुषानं प्रेंदाचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे पाणावले होते.

"तुमच्या यजमानांबद्दल वाचलं," तो म्हणाला. "फार वाईट वाटलं."

मागे झेफ चाकात हवा भरत होता. "काय म्हणतोय गं तो?"

"तू गेलास म्हणतोय."

"कुठे गेलो?"

"वर!"

झेफनं पंप खाली ठेवला. जोडपं त्याच्याकडे पाहून नम्रपणे हसलं. हा शेजारी असावा, असा त्यांचा समज झाला.

त्यांच्याजवळ गुद्रुनची कादंबरी होती. ती प्रेंदानं मागून घेतली आणि दोन दिवस स्वयंपाकघरातून हलली नाही. बुरेकची, म्हणजे चीज भरलेल्या पोळ्यांची, एक खेप करपली तरी उठली नाही. वाचायची आणि झेफला आपल्या भाषेत सांगायची. कादंबरीत श्कोदरची एक विधवा होती. घर हेच, जिना हाच, कॉफीचं भांडंसुद्धा हेच. ती नखशिखांत काळ्या कपड्यांत, अकरा वर्षं कुणाशी बोललेली नाही. रोज संध्याकाळी खिडकीत बसून शेंगा सोलते आणि डोंगराकडे पाहते. तिच्या नवऱ्याला पाण्याच्या वादातून गोळी घातलेली. एकोणिसाव्या पानावर त्याला पुरतात.

"आपल्या खिडकीतून डोंगर दिसतो?" प्रेंदा ओरडली. "आपल्या खिडकीतून दातांच्या डॉक्टरची पाटी दिसते!"

"ते राहू दे. मला मारलं कुणी?"

"चुलतभावानं."

"पाश्कोनं? अगं, त्याला भिंतीत खिळा मारता येत नाही!"

झेफ पोट धरून हसला. प्रेंदाला हसू येईना. वडील सात वर्षं ज्या भाषेपायी आत गेले, त्याच भाषेत आपल्याला मुकं करून ठेवलंय, हे तिला गिळता येत नव्हतं.

उन्हाळाभर पुस्तक काखेत मारून माणसं येत राहिली. प्रेंदा बोलायला लागली की त्यांचे चेहरे पडायचे. एका बाईनं अगदी अदबीनं विचारलं, जरा काळा रुमाल डोक्याला बांधून खिडकीत बसाल का, फक्त एक फोटो? प्रेंदानं तिला जिना दाखवला.

पुढच्या एप्रिलमध्ये गावातल्या वाचनालयानं गुद्रुनला कादंबरीचं वाचन करायला बोलावलं. दुभाषी कोण? अर्थातच प्रेंदा.

"नको जाऊस," झेफ म्हणाला. "तुझं रक्त आटेल."

"दुसरी कुणी गेली तर धड सांगणार नाही. मग लोक म्हणतील, बिचारीनं बरं लिहिलं असेल, भाषांतरात बिघडलं. तसं नाही होऊ द्यायचं. तिनं लिहिलंय तसंच्या तसं ऐकू दे गावाला."

दुपारी चारला वाचनालय भरलं. गुद्रुननं प्रेंदाला मिठी मारली आणि हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. प्रेंदा वाक्यामागून वाक्य देत गेली, न खोकता, न भुवई उचलता. 'ती बोलत नव्हती. तिच्या वंशात बोलणं पुरुषांबरोबर मातीत जाई.' पहिल्या रांगेतल्या पोस्टमास्तरणीनं रुमाल तोंडावर दाबला. गेल्याच आठवड्यात पार्सलवरून प्रेंदानं तिला अर्धा तास झापलं होतं. पुरण्याचा प्रसंग आला तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग कुणालाच हसू आवरेना.

एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "बाई, तुमच्या पुस्तकात आमच्यातलं कुणी हसतच नाही का हो?"

गुद्रुननं विचार केला. "या देशात हसू फार खोल दडलेलं असतं," ती जर्मनमध्ये म्हणाली.

प्रेंदानं तेही जसंच्या तसं सांगितलं. सभागृह खो खो हसलं. गुद्रुन गोंधळून कुजबुजली, "हे का हसतायत?"

तीस वर्षांत पहिल्यांदा दुभाषीनं स्वतःचं उत्तर दिलं. "दुसऱ्या रांगेत निळ्या स्वेटरचा माणूस दिसतो? तो माझा नवरा. त्याला तुम्ही एकोणिसाव्या पानावर पुरलंय."

झेफनं उठून लवून नमस्कार केला. गुद्रुन पांढरीफटक पडली.

नंतर दोघी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसल्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं, यजमान कुठे आहेत," गुद्रुन म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तो गेलाय. पुढे विचारणं मला बरं वाटलं नाही."

"गेलाय म्हणजे जर्मनीत, उल्मला गेलाय! मुलाकडे! अठरा दिवसांत एकदा तरी विचारायचं, कुठे गेलाय!"

"आणि तुम्ही बोलतही नव्हता…"

"दाढ काढली होती, बाई! जबडा भोपळ्याएवढा सुजला होता! काळे कपडे कुठून आणलेत? माझा झगा जांभळा होता, फुलाफुलांचा!"

गुद्रुननं कप बाजूला सारला. मग खऱ्या कळवळ्यानं म्हणाली, "मला तुमचं ते मौन फार सुंदर वाटलं होतं."

प्रेंदाला तिची कीवही आली आणि कप फेकावासाही वाटला. बाई खोटारडी नव्हती, हेच जास्त त्रासाचं होतं. खोटारड्याशी भांडता तरी येतं.

प्रेंदानं चुकांची यादी पाठवली. एकेचाळीस चुका, पान आणि ओळ घालून. सहा महिन्यांनी प्रेमळ पत्र आलं: नव्या आवृत्तीत रस्त्याचं नाव, चर्चच्या घंटेची वेळ आणि शेंगांची जात दुरुस्त केली आहे, बाकीचं बदललं तर कादंबरीच उरणार नाही, असं प्रकाशकाचं म्हणणं पडलं. झेफ मेलेलाच राहिला.

त्यानंतर प्रेंदानं लेखकांचं काम बंद केलं. जर्मनीत नोकरीला जाणाऱ्या नर्सना ती घरी शिकवू लागली. कळ कुठून येते, पट्टी किती घट्ट हवी, लघवी झाली का. या शब्दांत कुणाला डोंगर घुसडता येणार नाही, असं तिला वाटलं.

गेल्या हिवाळ्यात आर्योला नावाची तिची विद्यार्थिनी जर्मनच्या परीक्षेला बसणार होती. 'माझा देश' या विषयावर निबंध लिहून तिनं बाईंपुढे ठेवला. प्रेंदानं चष्मा लावला. 'माझ्या देशात डोंगर गप्प असतात आणि बायकाही.'

"हे काय आहे?" प्रेंदाचा आवाज चढला. "तू गप्प? शिकवणीच्या पहिल्या दिवसापासून तुझं तोंड मिटलेलं मी पाहिलं नाही!"

"ओरडू नका ना बाई. मागच्या वेळी मी खरं लिहिलं होतं. आमची इमारत, लिफ्ट बंद, आईचं शिवणयंत्र, सगळं. नापास झाले. माझ्या मैत्रिणीनं, लीदियानं, हे लिहिलं, तिला पैकीच्या पैकी."

"निबंधात व्याकरणाची घाण होती म्हणून नापास झालीस!"

"असेल. पण यंदा मला जायचंच आहे."

प्रेंदा उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. पोरीचं बोलणं तिला पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. तिनं लाल पेन उघडलं आणि निबंधातली लिंगं, विभक्ती, क्रियापदाची जागा एकेक करून नीट केली. मजकुराला हात लावला नाही.

"तोंडी परीक्षेत मात्र हे बोलायचं नाही," ती कागद परत देत म्हणाली. "तिथे शिवणयंत्राचंच सांगायचं. त्याचे सगळे शब्द मी पाठ करून घेते. बस खाली."

आर्योला बसली. सुई, दोरा, पायडल, उसवणं, टाचणं. अंधार पडेपर्यंत प्रेंदानं तिला उठू दिलं नाही.