रामेश्वरात वांगी घेताना

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हा मी लग्न होऊन गिरगावात आले. आमच्या वाडीत संध्याकाळ झाली की तोच विषय. सासरे कचेरीतून येत, चहा घेत आणि गॅलरीत उभे राहून राज्याची हद्द कुठे असावी यावर शेजाऱ्यांशी वाद घालत. सासूबाई त्यात कधी पडल्या नाहीत. त्यांना रामेश्वरला जायचं होतं. सासऱ्यांना रजा मिळेना, म्हणून सोबतीला मी गेले.

मद्रासला गाडी बदलली आणि मराठी संपली. आम्ही दोघी खुणांनी पाणी मागत होतो, खुणांनी भात. बेटाकडे जाणाऱ्या पुलावर गाडी इतकी हळू चालली की खालच्या पाण्यातले खडक स्पष्ट दिसत होते. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले. थोड्या वेळाने त्यातला एक उघडला.

वाडीतल्या एका शेजारणीने तिथल्या एका पुजाऱ्याचं घर सांगून ठेवलं होतं. विचारत विचारत तिथे पोचलो. दारात नऊवारी नेसलेली, केसांत अबोली माळलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "या. पाय धुवून घ्या."

सासूबाई हातातली वळकटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शब्द आपले होते, पण चाल तमिळ. वाक्य शेवटाला वर चढायचं. पुजाऱ्याची बायको होती ती. तिने सांगितलं की यांचे पूर्वज देवाच्या पूजेसाठी आपल्याकडून इथे आले. कोणत्या गावाहून, ते आता घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ती स्वतः मद्रासच्याही पलीकडे कधी गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी देवळातल्या बावीस तीर्थांवर स्नान झालं. एक माणूस विहिरीतून बादली शेंदून डोक्यावर ओतायचा आणि आम्ही ओलेत्याने पुढच्या विहिरीकडे पळायचो. दर विहिरीचं पाणी वेगळं लागतं असं ऐकलं होतं, म्हणून मी ओठांवर आलेलं चाखत होते. सासूबाईंनी पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी हळूच विचारलं, "हे गोडं आहे ना?"

दुपारी जेवणं झाल्यावर तिघी ओटीवर बसलो. मुंबईत कसली गडबड चालू आहे, असं त्या बाईने विचारलं. सासूबाईंनी सांगितलं की मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य हवं म्हणून लोक भांडताहेत. तिने वेगळंच विचारलं.

"तुम्हांकडे भाजीवालीही मराठी बोलते?"

सासूबाई हो म्हणाल्या. मग थांबून त्यांनी खरं ते सांगितलं: भाजीवाली बोलते, वाणी गुजराती आहे, दूधवाला भय्या. पण ती बाई भाजीवालीशीच अडकली होती. तिची मराठी उंबऱ्याच्या आतली. देव, सोवळं, बाळंतपण, रुसवेफुगवे, सगळं मराठीत. उंबरा ओलांडला की तमिळ. भाजी तिने मराठीत कधी घेतलीच नव्हती.

सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरातून वांग्यांची टोपली आणून त्यांनी पुढ्यात ठेवली आणि पदर खोचून बसल्या. "घ्या ताई, आजची आहेत."

घरात तोंडातून जादा शब्द न काढणारी बाई ती.

पुजाऱ्याची बायको आधी लाजली. मग एक वांगं उचलून म्हणाली, "कीड आहे कीं?" सासूबाई म्हणाल्या, कापून दाखवते. पुढे भाव पाडायची वेळ आली आणि तिला शब्द सापडेना. तमिळ तोंडावर यायचं, ती ते गिळायची. शेवटी म्हणाली, "मज इतकं नको. थोडक्यात द्या." दोघी इतक्या हसल्या की वांगी टोपलीबाहेर आली.

निघायच्या दिवशी सकाळी खरी भाजीवाली दाराशी आली. आमची यजमानीण मराठीत तिला म्हणाली, थोडक्यात दे. भाजीवालीने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलली. यजमानीण वळून आम्हाला म्हणाली, "ताप आला कीं काय विचारते."

मी तिला मुंबईला या म्हटलं. दर्शनाला येईन, म्हणाली; राहायला नाही. तिची माणसं इथे, समुद्र इथला.

परत आल्यावर सासूबाईंनी गॅलरीत हे सगळं सांगितलं. पुरुषमंडळी खूश झाली. एक शेजारी म्हणाले, म्हणजे रामेश्वरही आपल्या नकाशात घालायला हवं.

"तिला तिथेच राहायचंय," सासूबाई म्हणाल्या. "मी विचारून आलेय."

विचारलं होतं मी, पण मी मान डोलावली. सासऱ्यांनी त्यांच्यासाठी आतून स्टूल आणून ठेवलं, आणि त्या बसल्या.