न चाललेल्या सिनेमाचा रपोट

लढाईचे दिवस होते. मी आदिलाबादच्या तहसील कचेरीत कारकून होतो. गावकऱ्यांचे मराठी अर्ज उर्दूत उतरवायचे आणि उर्दू हुकूम त्यांना मराठीत समजावून सांगायचे, हे माझं काम. गावात सगळे मला मुन्शीजी म्हणत. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता.

कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची एक मोठी शेड रिकामी पडायची. त्या उन्हाळ्यात एका फिरत्या सिनेमावाल्यानं ती भाड्यानं घेतली. खिडक्यांवर तरटं ठोकून त्यानं आत इतका अंधार केला की बाजाराच्या दिवशी भर दुपारीही खेळ होऊ लागला. भिंतींना चिकटलेली कापसाची तुसं हवेत उडत आणि पडद्याकडे जाणाऱ्या उजेडात तरंगत राहत. देवाच्या खेळाला बाया नारळ घेऊन आल्या. मारामारीच्या खेळाला गुडीहत्नूरकडून बैलगाड्या भरून माणसं आली. त्यानंतर लागला तो चोरीचा सिनेमा. त्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तरी कोणाला आठवायचं नाही. दोन दिवसांत शेड ओस पडली.

गोष्ट साधी होती. एका शेठजीचं धान्याचं गोदाम असतं. गावातली ज्वारी तिथं जमा होते. पुढं दुष्काळ पडला तर उपयोगी पडेल, असं शेठजी लोकांना सांगतो. पण गोदामातली पोती कमी होत जातात. कुलूप जसंच्या तसं. दाराशी एक बहिरा चौकीदार बसलेला असतो. दर तासाला टोल देऊन तो ओरडतो, ‘सब ठीक है.’ मग शेठजी स्वतःच बाहेरून एक टोपीवाला गुप्तहेर बोलावतो. त्या गुप्तहेराला एका लंगड्या हमालाच्या झोपडीत मूठभर ज्वारी सापडते. हमाल तुरुंगात जातो, शेठजी गुप्तहेराला हार घालतो, वाजंत्री सुरू होते आणि लोक उठतात.

मीही उठलोच असतो. पण माझी एक वहाण बाकाखाली सरकली होती. ती चाचपडत मी वाकलो, मान वर केली, तर पडद्यावर अजून काही चाललं होतं. गोदामाचं मागचं दार. आतापर्यंत ते एकदाही दाखवलं नव्हतं. पोत्यांनी भरलेली एक गाडी त्यातून बाहेर पडते आणि दार लावणाऱ्या हातात शेठजीची अंगठी असते. तेवढंच. मग दिवे लागले. शेडमध्ये तेव्हा मी आणि दारावरचा तिकीटवाला, दोघंच होतो.

मी घरी आलो तेव्हा बायको ज्वारी निवडत बसली होती. त्या वर्षी सरकारी लेव्हीत शेतकऱ्यांकडून ज्वारी घेतली जाई आणि गावात आम्हाला ती ठरलेल्या दुकानातून मोजून मिळे. तिच्यापुढच्या सुपात दाण्यांपेक्षा किडेच जास्त होते.

“भीमपूरच्या गाड्या आपल्या डोळ्यापुढून गेल्या,” ती म्हणाली. “कशी मोत्यासारखी ज्वारी होती. आन आमाले हे काऊन?”

त्या क्षणी मला सिनेमा कळला. निदान मला तसं वाटलं. ते गोदाम म्हणजे आमचं संस्थान. पुढच्या भल्यासाठी म्हणून आज घेतलेलं धान्य म्हणजे लेव्ही. हमाल म्हणजे कुणबी, त्याच्या घरात त्याच्याच शेतातली मूठभर ज्वारी सापडली तरी तो चोर. बाहेरून बोलावलेला टोपीवाला म्हणजे इंग्रजांचा रेसिडेंट, हार घालून घेऊन परत जाणारा. आणि बहिरा चौकीदार? त्या रात्री जेवताना मला घास गोड लागला नाही. रोज संध्याकाळी तालुक्यात सर्वत्र शांतता आहे असं मी ज्या कागदावर लिहीत असे, तो कागद मला आठवत होता.

मुंबईत बसून सिनेमा काढणाऱ्याला आमच्या आदिलाबादचं काय ठाऊक, असंही मनात आलं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी वहाणा पायातच ठेवल्या. सगळं जुळत होतं. शेठजीच्या खोलीतलं घड्याळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वेळ दाखवतं, हेही लक्षात आलं. इतका शहाणा सिनेमा आणि बघायला दहा माणसं नाहीत! मला राहवेना.

आमच्या गल्लीच्या टोकाला मराठी शिकवणारे एक मास्तर राहत. ते अबोल होते. उन्हाळ्यातही छत्री घेऊन फिरत. शाळेच्या ओसरीवर गाठून मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी हातवारे करून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, छत्री मिटली आणि हळूच विचारलं,

“मुन्शीजी, हे तुमाले कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? मीच पाहिलं.”

“आणखी कोणापाशी बोलले तुमी?”

“नाही.”

“मग बोलू नका,” म्हणून ते वर्गात गेले.

हा सल्ला होता की चौकशी, ते मला कळेना. आणि तिसऱ्याच दिवशी कचेरीत पोलीस ठाण्याची चिठ्ठी आली. ठाण्याचे मुख्य अधिकारी अमीनसाहेब, त्यांनी कळवलं होतं की गावात चालू असलेला सिनेमा पाहून त्यात काही आक्षेपार्ह आहे का, याचा रपोट मी द्यावा.

मी. कचेरीत उर्दू लिहिणारे इतके लोक असताना मीच का? मी बोललो होतो एकाच माणसापाशी.

हुकूमच होता, म्हणून मी तिसऱ्यांदा गेलो. मागच्या बाकावर मास्तर बसले होते. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. अंधारातच ते काहीतरी खरडत होते. मी बसलेला दिसताच त्यांनी कागद दुमडून टोपीत घातला. त्या दिवशी सिनेमा काय चालला होता ते मला आठवत नाही. मी त्यांच्या टोपीकडेच पाहत होतो.

चौथ्यांदा गेलो तेव्हा मास्तर नव्हते, पण तिकीटवाला माझ्याकडे बघून हसला. घरी बायको दारातच उभी होती.

“त्या सिनेमात नाचणारी एक बाई हाय म्हणे.”

“आहे. पण मी तिच्यासाठी नाही जात.”

“मग कायच्यासाठी जाऊन राह्यले? देवाच्या खेळाले एकदा सुदिक आले नाई तुमी.”

तिला खरं सांगणं मला जमेना. आडावर पाणी भरताना ती शेजारणीपाशी बोलली तर? तेव्हा मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला होता. तिकीटवाल्याचा, दुकानात माझ्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसाचा, कचेरीत चहा आणून देणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाचा. शिपाई नेहमीप्रमाणं विचारी, “साहब, तबीयत ठीक?” आणि मी विचार करी की याला माझ्या तब्येतीशी काय करायचं आहे.

रपोट लिहायला मला दोन दुपारी लागल्या. आधी लिहिलं, चोरीची मामुली गोष्ट, गुन्हेगाराला शिक्षा होते, लोकांना फारसा आवडलेला नाही. हे पुरेसं होतं. पण मग वाटलं, मास्तरांनी माझा अर्थ आधीच ठाण्यात पोचवला असेल तर? मग माझं हे गप्प बसणंच माझा गुन्हा ठरेल. म्हणून शेवटी एक ओळ जोडली. काही शिकलेले लोक या गोष्टीचा दुसराच अर्थ लावतात, असं ऐकिवात आहे.

ही ओळ लिहिली तेव्हा मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

अमीनसाहेब ठाण्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. वयस्क, सभ्य गृहस्थ. त्यांनी रपोट वाचला, अक्षराची तारीफ केली आणि विचारलं, “फिल्म मामुली है?”

“जी, मामुली.”

“फिर आप ने चार बार क्यों देखी?”

ते हसून म्हणाले होते, हे मला आज आठवतं. तेव्हा ते हसणं मला दिसलंच नाही. नीट समजून घ्यायला, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर आलं.

“ये कौन लोग हैं? दूसरा मतलब निकालनेवाले?”

मी म्हणू शकलो असतो की बाजारात ऐकलं, तोंडं आठवत नाहीत. मी म्हणू शकलो असतो की तो मीच. यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, “शाळेतले मराठीचे मास्तर. माझ्याशी या सिनेमाबद्दल बोलले होते.”

शब्दाला शब्द लावून पाहिला तर हे खोटं नव्हतं. ते माझ्याशी बोललेच होते.

“लिख दीजिए,” म्हणत अमीनसाहेबांनी दौत पुढं सरकवली. मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

त्या सिनेमावर बंदी आली नाही, कोणी पकडलंही गेलं नाही. बघायला माणसं नाहीत म्हणून सिनेमावाल्यानं आपणच तो उतरवला आणि देवाचा खेळ पुन्हा लावला. मला वाटलं, संपलं. पंधरवड्यानं मास्तरांची बदली झाली. इंद्रवेल्लीच्या बाजूला, जंगलातल्या एका वस्तीच्या शाळेत. कारण कुठं लिहिलेलं नव्हतं. मास्तरणीला तेव्हा दिवस गेलेले होते.

त्यांची गाडी गल्लीतून निघाली त्या सकाळी बायको म्हणाली, “जा नं, भेटून या. इतक्या वर्साचा शेजार हाय.” कचेरीत काम आहे म्हणून मी अर्धा तास आधीच घराबाहेर पडलो. तीच मग शिदोरी देऊन आली. संध्याकाळी म्हणाली, “मास्तरीण लय रडली. मास्तर तुमाले इचारत होते.”

“काय विचारत होते?”

“मुन्शीजी घरी हायेत का, बस.”

मी मनाची समजूत घातली ती अशी. मास्तर ठाण्याचाच माणूस, नाहीतर चिठ्ठी आली कशी? आपल्याच माणसाची बदली केली म्हणजे काहीतरी बिनसलं असेल. ही समजूत मी चार-पाच वर्षं सांभाळली. जंगलात मास्तरांना हिवताप धरला, असं मधे कधीतरी कळलं. तेव्हाही मी ती सोडली नाही.

मग संस्थान गेलं. कचेरीतले जुने कागद निवडायचं काम माझ्याकडं आलं. काय ठेवायचं, काय जाळायचं, ते ठरवायचं होतं. एका गठ्ठ्यात मला एक परिपत्रक मिळालं. गावात येणारा प्रत्येक सिनेमा, नाटक, तमाशा मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणाऱ्या कारकुनानं पाहून रपोट द्यावा. खाली तीन गावच्या तीन कारकुनांची नावं होती, त्यातलं एक माझं. ते निघालं होतं तो सिनेमा गावात यायच्या कितीतरी आधी. कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं असावं आणि जाग आली तेव्हा नेमका तो सिनेमा चालू असावा.

कोणीही माझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी तो कागद ठेवायच्या गठ्ठ्यात ठेवला, मग जाळायच्या गठ्ठ्यात, मग परत ठेवायच्या.

मास्तर आदिलाबादला परत आले तेव्हा वाळून गेले होते. केस पांढरे झाले होते. जंगलातच जन्मलेली मुलगी बोट धरून चालत होती. मी त्यांना बाजारात गाठलं आणि बाजूला घेऊन म्हणालो, “मास्तर, तुमचं नाव मी सांगितलं होतं.”

“मले ठाऊक हाय,” ते म्हणाले. “अमीनसाहेबांनी बोलावून मले कागद दाखवला होता. तुमचं अक्षर कोणीही ओळखीन.”

“मग तुम्ही का नाही सांगितलं, की हा अर्थ मुन्शीचाच आहे म्हणून?”

त्यांनी मुलीला चिंचेच्या गोळ्या घेऊन दिल्या. मग म्हणाले, “सांगणारच होतो. मंग वाटलं, तुमाले कोणी दम देऊन लिहून घेतलं असन. घरी इचारावं म्हटलं, तर तुमी भेटले नाई.”

मी विचारलं, “तुम्ही अंधारात काय लिहीत होतात?”

“तुमी सांगितलेलं सारं. शेठजी कोण, हमाल कोण. मले तर त्यात काई दिसत नव्हतं. मराठी शिकवून राह्यलो इतकी वर्सं, अन मुन्शीजीले दिसते ते आपल्याले काऊन दिसत नाई, म्हणून दोनदा गेलो. मले तो चोरीचाच सिनेमा वाटला. मागचं दार म्हणत होते तुमी. ते खरंच होतं का?”

“होतं. सगळ्यात शेवटी. तुम्ही उठला असाल.”

“असन,” ते म्हणाले.

पुढं आम्ही एकाच गावात वीस-बावीस वर्षं राहिलो. लग्नाकार्यात भेट व्हायची. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः घरी आणून दिली आणि मी गेलोही. पाऊस, कापसाचा भाव, कोणाची बदली, असलं सगळं ते माझ्याशी बोलत. पुढं गावात पक्कं थिएटर झालं. मंडळींत कोणी नव्या सिनेमाबद्दल मला विचारलं, “मुन्शीजी, कसा वाटला?” की मास्तर छत्री उचलत आणि घरी काम आहे म्हणून निघून जात. मी ‘बरा होता’ एवढंच म्हणत असे.