दांड्यावरचं वजन

रस्त्यात कुठेही ट्रेलर उभा दिसला की हुसेन चांद शेख आधी त्याचा गाडीला जोडायचा दांडा उचलून बघायचे. मांडवामागचा जनरेटर असो नाहीतर पाण्याचा टँकर, मालकाला विचारण्याची पद्धत नव्हती. दांडा जड लागला तर हात झटकून पुढे. हलका लागला तर मात्र मालक सापडेपर्यंत तिथेच थांबायचे. विश्रांतवाडीत लोक त्यांना थोडे चक्रम समजत.

त्याला कारण होतं. त्यांचे वडील चांद मिस्त्री कॅम्पात टांग्यांची कामं करायचे. टांग्यात ओझं जरा मागे राहावं, घोड्याच्या पाठीवर दांड्यांचा भार पडू नये, हे हुसेनभाई लहानपणीच शिकले. १९९३ साली त्यांनी आळंदी रस्त्यालगत स्वतःची शेड टाकली आणि पहिला मोठा ट्रेलर त्याच हिशेबानं बांधला. दांडा एका हातानं उचलला जायचा आणि त्यांना त्याचा अभिमान होता. कात्रजच्या उतारावर त्या ट्रेलरनं डावीउजवीकडे झोके घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला त्यानं ओढणारी जीपच कठड्यावर नेऊन आपटली. जीप चालवणारा श्याम दोन दिवसांनी वारला. पोलिसांनी घाट, पाऊस आणि वेग अशी कारणं लिहून घेतली. दांड्याबद्दल कुणी विचारलं नाही. हुसेनभाईंना खरं कारण पुढे वर्षभरानं एका जुन्या लष्करी मेकॅनिककडून कळलं: मोटारीनं ओढायच्या ट्रेलरचं ओझं चाकांच्या पुढे हवं, एकूण वजनाचा साधारण बारावा हिस्सा हूकवर पडला पाहिजे. नाहीतर वेगात मागचा भाग पुढच्याला हलवू लागतो.

तेव्हापासून त्यांच्या शेडमधून हलक्या दांड्याचा एकही ट्रेलर बाहेर पडला नाही.

२०२१च्या दिवाळीनंतर मांजरीचे आप्पासाहेब त्यांच्याकडे आले. उसाची काही जमीन गृहप्रकल्पात गेली होती आणि दारात नवी, दांडगी डिझेल गाडी आली होती. त्यांच्या आई तुळजाबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना तुळजापूरला जायचं होतं, पण गुडघे वाकत नव्हते आणि वाटेतल्या संडासांची त्यांनी धास्ती घेतली होती. म्हणून आप्पासाहेबांनी कॅराव्हॅन घ्यायचं ठरवलं होतं. आत पलंग आणि संडास असलेली, गाडीमागे जोडायची.

"एक परदेशी बघून ठेवलीय सोलापूर रस्त्याला," ते म्हणाले. "वापरलेली हाय, पण चकाचक. ती घेऊ का तुम्ही बांधता?"

"हे मला विचारताय? मी माझीच म्हणणार."

"तुम्ही म्हणणार न्हाई, म्हणून तर विचारतोय."

दोघं त्या विकणाऱ्याच्या गोदामात गेले. हुसेनभाई चादर अंथरून पांढऱ्याशुभ्र कॅराव्हॅनखाली शिरले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले. काम उत्तम होतं. रिकामं वजन नऊशे किलो. पुढची गाडी थांबली की दांड्यावर येणाऱ्या धक्क्यानंच चाकांचे ब्रेक लागत होते. दांड्यापाशी एक पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. अक्षरं परकी होती, आकडा मात्र कळण्यासारखा होता: ७५. हूकवर तेवढे किलो पडायला हवेत.

"ब्रेक यांचा माझ्यापेक्षा चांगला," ते म्हणाले. "अंग नाजूक आहे, आपल्या खड्ड्यांत दोन वर्षांत सांधे उघडतील. पण ते राहू द्या. दार बघा."

दार उजव्या बाजूला होतं. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात. इथे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावली की तुळजाबाईंचा पाय थेट ट्रकांच्या वाटेत पडणार होता.

आप्पासाहेबांनी दार लावलं आणि हुसेनभाईंना काम दिलं.

हुसेनभाई आणि त्यांचा मेहुणा इम्तियाज यांना अडीच महिने लागले. लोखंडी सांगाडा, ट्रकासारखे स्प्रिंगचे पाटे, डाव्या बाजूला दार, तीन बुटक्या पायऱ्या. पलंगाची उंची ठरवायला हुसेनभाई स्वतः मांजरीला गेले आणि तुळजाबाईंच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेऊन आले. म्हातारीला माणूस आवडला. तिनं नातीकडून त्यांचा नंबर फोनमध्ये घालून घेतला.

तयार कॅराव्हॅनचं वजन तेराशे किलो भरलं. हूकवर एकशे पाच. न्यायला आप्पासाहेबांबरोबर त्यांचे चुलते गेनबातात्या आले. वय पंच्याहत्तर. पंचक्रोशीत बैलगाडी भरावी तर त्यांनी, अशी त्यांची ख्याती होती. ते थेट दांड्यापाशी गेले, वाकले, उचलायला बघितला, पण तो जागचा हलेना.

"मिस्त्री, ह्यो तर मानंवर बसतोय. एवढं वझं मानंवर घेऊन जनावर किती चालंल?"

"तात्या, पुढं बैल नाही, मोटार आहे."

"मोटारीला जीव नसतो व्हय? चाकं हातभर पुढं घ्या. गाडी कशी उलाळ पायजे, जरा मागं झुकल्याली."

"बैल तासाला दोन कोस चालतो. ही ऐंशीनं जाणार. मागं झुकली तर ती झोके घेईल आणि तुम्हाला घेऊन उलटेल."

"साठ वर्सं गाड्या भरल्या म्या. एक उलटली न्हाई."

हुसेनभाईंनी चाकं हलवली नाहीत. सामान कुठे ठेवायचं ते आतल्या फळ्यांवर खडूनं लिहिलं. पण तात्यांच्या चेहऱ्यावर माघार दिसेना, म्हणून पोचवायला स्वतः मांजरीला गेले आणि तुळजाबाईंसमोर बसले.

"आई, एक शब्द द्या. गाडी चालू असताना यात बसायचं नाही. झोपायचं तर थांबल्यावर."

"बरं बाबा. तुझ्या गाडीत चालत्या वाटंला बसणार न्हाई. झालं?"

तो शब्द तिनं पाळला, आणि त्यामुळेच ती वाचली. तुळजापूरला जाताना भिगवणच्या अलीकडे एका पुलाच्या उतारावर कॅराव्हॅन झोके घेऊ लागली. आप्पासाहेबांनी घाबरून जोरात ब्रेक दाबला. हूक तुटला आणि कॅराव्हॅन दोन कोलांट्या खाऊन बाभळीला अडकली. गाडीतल्या पाचांपैकी कुणालाही ओरखडा आला नाही.

क्रेननं आणलेला सांगाडा बघायला हुसेनभाई मांजरीला गेले. मागच्या भिंतीला चेपून ज्वारीची तीन पोती होती. पाण्याचे दोन कॅन, गॅसची टाकी आणि जादा चाकही तिथेच.

"हे मागं कुणी नेलं?"

"म्या," गेनबातात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, उलट थोडी कीवच होती. "म्हणून तर एवढ्यावर निभावलं. एका बोटानं उचलत व्हता दांडा. तुमच्या हिशोबानं गेलो असतो तर मानच मोडली असती गाडीची."

हुसेनभाईंनी समजावलं. जमिनीवर रेघा ओढून दाखवल्या. कात्रजला गेलेल्या श्यामचं नाव त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा परक्यासमोर घेतलं. आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हुसेनभाई, उलटली ती तुमची गाडी. आमची ज्वारी न्हाई उलटली."

बाजूला उभ्या असलेल्या चौघांना हसू आवरेना. हुसेनभाई स्कूटर काढून निघाले.

चार महिन्यांनी आप्पासाहेबांनी फोनवर फोटो पाठवला. नवी कॅराव्हॅन. या खेपेला विलायती, दार डाव्या बाजूला. खाली ओळ होती: 'लोखंडाचा नाद सोडला.'

हुसेनभाईंनी लगेच फोन केला. "दांड्यापाशी एक पट्टी असेल. त्यावर आकडा असेल. घरातला वजनकाटा दांड्याखाली धरा, तेवढं भरतंय का बघा. एवढंच करा."

"अहो, तिकडची माणसं सगळं मोजून पाठवतात. उगाच का जगभर विकतात? आणि वजनाला निम्मीबी न्हाई तुमच्या. वाऱ्यासारखी येती मागं."

"हलकी आहे म्हणूनच सांगतोय. हलकी लवकर झोका घेते. सामान कोण भरतंय?"

"तात्याच. दुसरं कोण भरणार?" आप्पासाहेब म्हणाले. "तुम्ही आता काळजी सोडा. आपलं गिऱ्हाईक-मिस्त्रीचं नातं संपलं, पण राग न्हाई."

त्यानंतर त्यांनी हुसेनभाईंचे फोन घेणं बंद केलं. हुसेनभाई दोनदा मांजरीला जाऊन आले. पहिल्यांदा फाटक बंद होतं. दुसऱ्यांदा तात्या ओट्यावर बसले होते. पाणी विचारलं, चहा विचारला आणि दाराला कुलूप असलेली कॅराव्हॅन लांबूनच दाखवली. हुसेनभाईंनी दांड्याकडे पाऊल टाकलं, तेव्हा तात्या नुसते खाकरले.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला हुसेनभाई आणि इम्तियाज शेडमध्ये पाइप कापत होते. फोन वाजला. तुळजाबाई.

"हुसेन, निघाले बघ. तुळजापूरला."

"गाडीत ना, आई?"

"पलंगावर हाय. पाय लांब करून. तू रागवू नको, तो शब्द तुझ्या गाडीपुरता व्हता. ही विलायती हाय." ती खुशीत होती. "मगाधरनं पाळण्यावानी हलतीय. बरं वाटतंय."

हुसेनभाईंनी हात करून इम्तियाजला कटर बंद करायला लावला. "कशी हलतेय? वरखाली, का डावीउजवीकडं?"

"हिकडून तिकडं. आता जास्ती हलाया लागली. यवत गेलं आत्ताच."

"पलंग कुठल्या बाजूला आहे?"

"मागं. खिडकीपाशी."

यवतच्या पुढे रस्ता सरळ होता. तिथे आप्पासाहेब कुठल्या वेगानं जात असतील ते हुसेनभाईंना विचारायची गरज नव्हती. फोन कानाला ठेवूनच ते इम्तियाजला म्हणाले, "तुझ्या फोनवरून आप्पासाहेबांना लाव. तुझा नंबर त्यांच्याकडं नाही. ब्रेक मारू नका, नुसता पाय काढा म्हणून सांग. ब्रेक मारायचा नाही."

मग ते म्हाताऱ्या बाईशी अगदी सावकाश बोलू लागले. तिचं वजन पन्नासच्या आसपास असेल. मागच्या पन्नास किलोंनी पुढच्या भिंतीशी जाणं, हातात तेवढंच होतं.

"आई, पलंगावरून खाली उतरा. जमिनीवर बसा. आणि बसल्या बसल्या पुढं सरका. गाडीच्या बाजूला."

"गुडघं वाकत न्हाईत रे."

"वाकवू नका. हातावर जोर द्या आणि सरका. पुढच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत थांबायचं नाही."

फोनमध्ये भांडं पडल्याचा आवाज आला, मग दुसरं. तुळजाबाई आता बोलत नव्हती, जड श्वास ऐकू येत होता आणि लुगडं फरशीवर घासल्याचा आवाज.

"रिंग जातेय," इम्तियाज म्हणाला.

"परत लाव."

"आपटतंय सगळं, हुसेन."

"आपटू द्या. कुठवर आलात?"

"मोरीपाशी."

"अजून चार हात. सरका, आई."

"रिंग जातेय," इम्तियाज म्हणाला. "उचलत नाहीत."