पटावरची गल्ली

लोहाऱ्याला बदली झाल्यावर मी ज्यांच्याकडं भाड्यानं राहिले, ते काका पूर्वी मालवाहू जहाजावर खानसामा होते. घरात एकटेच. रविवारी जेवणं उरकली की मला हाक मारत, "बाई, या. दोन डाव टाकू."

खेळ पत्त्यांचा, जहाजावर शिकलेला. पण गुण मोजायला भोकं पाडलेला लाकडी पट. पानांची बेरीज पंधरा झाली की दोन गुण, जोडी जमली की दोन. जितके गुण, तितकी भोकं आपली खुंटी पुढं. शेवटच्या भोकात आधी पोचेल तो जिंकला. मूळ पट सरळ असतो म्हणे. काकांनी मात्र बाभळीच्या फळीवर वेडीवाकडी वाट कोरली होती आणि मधेमधे डिंकानं खडे चिकटवले होते. खड्यापाशी खुंटी अडली की उरलेले गुण वाया, वर एक डाव थांबायचं. शेवटच्या खड्याशी कुणाचीही खुंटी आली, तरी काका बोटाच्या पेरानं फळीवर दोनदा ठोकत आणि कान देऊन बसत. मी कधी विचारलं नाही.

कृषी सहायक म्हणून मी पीक पाहणीला फिरत असे. भूकंपानंतर काकांचं गाव दुसरीकडं वसलं होतं. जुन्या जागेला लागून आता सोयाबीन होतं. एका सकाळी जवळची वाट म्हणून मी त्या पडक्या गावातून निघाले. सगळीकडं वेड्या बाभळी आणि दगडांचे ढीग. थोडं चालल्यावर पाय आपसूक डावीकडं वळले. पुढं ढीग असणार हे मला आधीच ठाऊक होतं, आणि तो होता. मग उजवीकडं. परत ढीग. ही वाट मी कितीतरी रविवारी बोटांनी चालले होते.

शेवटच्या ढिगाशी थांबले. वारा पडला होता. खालून, लई खोलवरून, कुणीतरी दोनदा ठोकलं.

मी मागं न बघता डांबरी रस्ता गाठला.

रविवारी काकांना सांगितलं. त्यांनी हातातली पानं पालथी ठेवली.

"दोनदाच?"

"दोनदाच."

"म्या तवा समुद्रावर व्हतो," ते म्हणाले. "पोचायला पंधरा दीस लागले. उकरणाऱ्यांनी सांगितलं, तुमची कारभारीण दोन दीस आतून ठोकत व्हती. पण गल्लीत इतक्या भिंती पडल्या व्हत्या, की तिथवर जाताच आलं न्हाय. कुठं कुठं अडलं, ते त्यांनी मला मातीवर काढून दाखवलं."

"तुम्ही तिथं गेलाच नाहीत?"

"न्हाय. हितनंच जातो." त्यांनी पटाकडं बोट केलं.

पुढच्या रविवारी ते स्वतःहून म्हणाले, चला. जुन्या गावात ते माझ्या पुढं चालत होते, एकदाही न अडखळता. शेवटच्या ढिगाशी वाकून त्यांनी दगडावर दोनदा ठोकलं. आम्ही वाट बघितली. त्यांनी परत ठोकलं. ऊन पार कलेपर्यंत आम्ही तिथं बसलो होतो. काही आलं नाही.

येताना जीपमध्ये गर्दी होती. काका खिडकीशी बसले होते. लोहारा जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "ऐकू आलं न्हाय, म्हंजे ती सुटली म्हणायची, का माझ्यावर रुसली?"