आत्याचं पान आणि देवाचा कौल

माझी चित्रकथा दर शुक्रवारी नेटवर येते, माझ्या नावाशिवाय. घरी एवढंच माहीत होतं, की मी टॅबवर काहीतरी काढत असते. चित्रकथेतली बाई म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. पूर्णगडजवळच्या आमच्या गावी ती एकटी राहते. तिचे यजमान मुंबईला नोकरीला; गणपतीला आणि शिमग्याला तेवढे येतात. मी सुट्टीला रत्नागिरीहून गावी जाते आणि तिच्याकडे बघत बसते. बोलायला मला जमत नाही, बघायला जमतं. आपण चित्रात आहोत हे आत्याला माहीत नव्हतं.

वाचक पुस्तक मागू लागले. मी लाजत, इंग्रजीत, चार ओळी लिहून आगाऊ पैसे मागितले आणि लोकांनी खरंच दिले. बहुतेकांना एक पान हवंच होतं. आत्या फोनवर यजमानांशी बोलते, ते फोन ठेवतात, आणि ती बंद फोन कानाशी धरून बोलतच राहते. त्या पानावर शब्द नाहीत. ते मी दारातून पाहिलं होतं.

पैसे आले तेव्हा बाबांना सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "छापायच्या आधी देवाला विचारूया." आमच्याकडे विहीर खणायची असो की लग्न ठरवायचं असो, ग्रामदेवाला कौल लावल्याशिवाय पुढे जात नाहीत.

"नुसतं 'एक काम आहे' म्हणूया ना," मी म्हटलं.

"देवाला अर्धवट सांगून कसं चालेल?"

देवळात गुरवांनी देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं, घालतात तसंच, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आपल्या आत्येची चित्रा काढल्यान, ती मोबाईलात घातल्यान, परमुलखातल्या लोकांनी त्याचा पुस्तक मागितल्यानी..."

"व्हय म्हाराजा!" जमलेल्यांनी साथ दिली.

आत्या माझ्या शेजारी उभी होती. सवयीने तीही "व्हय" म्हणाली आणि मग मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

डावी कळी पडावी असं मला वाटत होतं. पैसे परत करून सुटले असते. उजवी पडली.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "दाखव बघू. देवाला कळलं, गावाला कळलं, मलाच तेवढं नाय."

मी फोन दिला. पहिल्या पानांवर ती मासेवालीशी भाव करत होती.

"एवढी जाडी हाय गो मी?"

"चित्रात तसं दिसतं."

"आणि हा कोंबडा अगदी तुझ्या बाबासारखा. मान बघ कशी काढलीय!" ती पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. फोन तेव्हाच काढून घ्यायला हवा होता, पण तिचं बोट पुढे सरकत होतं.

ते पान आलं. इतका वेळ ती चित्रातलं बोलणं मला वाचून दाखवायला सांगत होती. इथे तिने काही विचारलं नाही. फोन जरा लांब धरला, मग चष्मा लावला.

"हे किती जणांनी बघितलं?"

"बऱ्याच जणांनी."

"ह्यांनी?"

"माहीत नाही, आत्या." मग मी कसंबसं म्हटलं, "नको असेल तर काढते."

"आता देवाने होय म्हटलं. मी काय बोलणार?" तिने फोन पालथा ठेवला आणि कोंबड्यांना तांदूळ टाकायला मागे गेली.

मी पान काढलं, पुस्तकातूनही आणि नेटवरूनही. पुस्तकं छापून आली. मी आणि आईने ती खोक्यात भरून पाठवली. वाचकांनी विचारलं, तेच पान कुठे गेलं? मी लिहिलं, घरगुती अडचण. एकीने लिहिलं, त्या पानासाठीच तर दिले होते. मी तिचे पैसे परत केले.

आत्या माझ्याशी पूर्वीसारखीच वागते. जेवायला वाढते, जाताना पिशवीत कोकमं भरून देते. पण आता फोन वाजला की ती मागच्या पडवीत जाते आणि दार लोटून घेते.

गेल्या महिन्यात मोबाइलवरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मुंबईच्या एका चुलतभावाने त्याच पानावरचं चित्र टाकलं. कुणाचं आहे, कुणी काढलंय, हे त्याला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यातली माझी खूण कुणीतरी कापून टाकली होती. चित्राखाली दोन गुलाब आणि मोठ्या अक्षरांत ओळ: 'वाट पाहणाऱ्या प्रत्येक माऊलीला समर्पित.' भराभर बदाम येत गेले. काढून टाक, असं मी त्याला लिहायला घेतलं. पण का, हेही मग सांगावं लागलं असतं. लिहिलेलं पुसलं.

तेवढ्यात आत्याच्या यजमानांनी खाली लिहिलं, 'छान.'

त्याच्यानंतर आत्याचं आलं. जोडलेले हात. रोजच्या सुप्रभातला ती टाकते तेच.