बसून राहिलेली शिकारीण

किन्हवलीच्या पुढच्या एका शाळेत दोन वर्ग एकट्याने सांभाळून मी पार दमलो होतो. तशात मी समुद्र शिकवायला घेतला. तो मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, पोरांनी एकदाही नाही.

समुद्रातल्या बहुतेक सूक्ष्म जिवांना डोळे असे नसतातच. एकमेकांना धडकले तरच भेट. हे दाखवायला मी मैदानात खेळ मांडला. हातपंपापासून पायरीपर्यंत मुलं हळूहळू वाहत जाणार, ती झाली अन्न. डोळ्यांवर पट्टी बांधलेले दोघं शिकारी. हात लागला की अन्न खल्लास! सुरुवातीला मीच डोक्यावर टॉवेल घेऊन, गाल फुगवून देवमासा झालो. पोरं हसून लोळली, आणि मला खोकल्याची उबळ आली.

जो जास्त धरेल तो शहापूरच्या विज्ञान प्रदर्शनात खेळ समजावायला जाणार होता. जागा एकच. एक शिकारी वर्गातला सगळ्यात चपळ पोरगा. दुसरी एक आदिवासी मुलगी, किन्हवलीच्या पलीकडे कधी न गेलेली. तिला जायचं होतं, आठवडाभर तेच विचारत होती.

शिट्टी वाजली. पोरगा सुसाट सुटला. ही बाई हातपंपाजवळच्या चिंचोळ्या वाटेत हात पसरून खाली बसली!

"ऊठ गो! शोध!"

"कशाला सर?" खेळ संपेपर्यंत ती उठलीच नाही.

"बसून शिकार होते का? बाद तू! पोरगा जिंकला!" मी जाहीर करून टाकलं. मला डोळ्यांपुढे घरी जायची तीनची एसटी दिसत होती.

तिने पट्टी काढली. डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत. "आमी बांधाच्या तोंडाला मासं धरायचा पिंजरा लावतो, तो कुठं पळतो? पानीच मासा आणून देतं. मोजा ना आदी!"

मोजले. पोरग्याचे चार, हिचे अकरा.

"सर, तुमीच बाद!" मागून कोणीतरी ओरडलं.

टॉवेल डोक्यावरच होता. तो काढून मी तिच्यापुढे कमरेत वाकलो आणि निकाल फिरवला. एसटी गेली.

शहापुरात परीक्षकांनी विचारलं, "समुद्रातला शिकारी कुठाय?"

"ही काय, बसलीय," ती जमिनीवरून म्हणाली.

त्या दिवशी सकाळपासून उभाच होतो. मीही तिच्याशेजारी टेकलो.