खिशातल्या टोप्या

आमच्या कोर्टात टाकाचे दोन उपयोग होते. पुढच्या टोकाने लिहायचे आणि मागचे टोक पगडीखाली घालून डोके खाजवायचे. चैत्र लागला की दुसऱ्या उपयोगालाच टाक जास्त लागे. रत्नागिरीचा उकाडा अंगाला चिकटून बसतो, उठायचे नावच घेत नाही. त्यात बंद गळ्याचा लांब कोट आणि वर पगडी. माझी पगडी वडिलांची होती. त्यांचे डोके माझ्यापेक्षा लहान असावे, कारण दुपार झाली की ती कपाळ असे आवळी की समोरचा पक्षकार खरे बोलतो की खोटे हे सोडाच, तो बोलतो आहे हेच मला उशिरा कळे.

बाहेर बाजारात तोवर टोप्या आल्या होत्या. वकील टोपी घालीत, शाळामास्तर घालीत, आमच्याच कचेरीतले लोक संध्याकाळी समुद्रावर फिरायला टोपी घालून जात. कोर्टात मात्र पगडीच. मी तापट आणि तोंडाने फटकळ. नोकरीला लागलो त्याच महिन्यात शिरस्तेदारांना विचारले, "पगडीचा हुकूम कुठला?" शिरस्तेदार म्हणजे आमच्यातले सर्वांत वरचे कारकून, भारदस्त आणि मनाने प्रेमळ. ते म्हणाले, "अरे, हुकूम कशाला हवा? सगळे घालतात." नाजरांना, म्हणजे जप्त्या आणि वसुली बघणाऱ्या गृहस्थांना, विचारले. तेही म्हणाले, "सगळे घालतात हो, म्हणून आम्ही घालतो." आता हे सगळे म्हणजे कोण? आम्ही कारकून मंडळी मिळून सातजण. सातांतला प्रत्येक जण उरलेल्या सहांकडे बोट दाखवून मोकळा होई.

मला या भानगडीत पडायचे कारण नव्हते, उलट न पडण्याचे चांगले सणसणीत कारण होते. माझी नेमणूक हंगामी होती. मला कायम करावे की घरी पाठवावे, याबद्दलचा शेरा आमच्या कोर्टाचे न्यायाधीश, मुन्सफ रावसाहेब, त्या चैत्रातच लिहिणार होते. लग्नाला वर्ष उलटून गेले होते आणि बायको केळशीला माहेरीच होती. सासरे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी स्वच्छ सांगितले होते, "जावईबापू, कायम झालात की मुलगी आगबोटीत बसवतो. हंगामी नोकरीवर हंगामी संसार नको." मला राग आला होता, पण ते बोलले त्यात चूक काही नव्हती. त्यामुळे संध्याकाळी बंदरावर उभे राहून उत्तरेकडून येणाऱ्या आगबोटीचा धूर बघणे एवढाच माझा संसार होता.

एका शनिवारी दुपारी कोर्टाच्या मागच्या पडवीत आम्ही डबे खायला बसलो होतो. पगड्या काढून शेजारी ठेवल्या होत्या. सातांच्याही कपाळावर लाल वळ उठले होते. नाजरांच्या टाळूवर घामोळे इतके तरारले होते की त्यांना घास चावताना कळ येत होती. कोण आधी बोलले ते आता सांगता येणार नाही, पण बघता बघता सगळेच बोलू लागले. पगडीला आम्ही इतक्या शिव्या दिल्या की माझ्या वडिलांच्या पगडीबद्दल मलाच वाईट वाटले. अखेर शिरस्तेदारांनी मांडीवर थाप मारली. "ठरले! सोमवारी सगळे टोपीत. काळ्या टोपीत हां. पांढरी घातलीत तर रावसाहेब वेगळाच अर्थ लावतील आणि टोपीबरोबर डोकीही जातील. सातजणांना एकदम काय करणार आहेत ते?"

"जो मागे फिरेल तो फितूर," नाजर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या वेळी त्या सहाजणांबद्दल फार प्रेम वाटले.

रविवारी मी टोपी घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराकडे माझ्या मापाची शेवटची राहिली होती. तो म्हणाला, "कोर्टात कोणाची मुंज बिंज आहे की काय? काल रात्रीपासून सगळे काळीच मागतायत." म्हणजे मंडळी बोलल्याप्रमाणे वागत होती. मी निर्धास्त झालो.

सोमवारी आईने उंबऱ्यात वाट अडवली. "अरे, आधी दुसऱ्यांनी घालू देत, मग तू घाल. तुझे अजून कायम व्हायचे आहे." मी म्हणालो, "असे प्रत्येकाच्या आईने म्हटले तर झालेच." आम्ही दोघे सारख्याच स्वभावाचे, त्यामुळे हे प्रकरण थोडक्यात मिटेना. अखेर तिला चुकवून मी धावत सुटलो आणि कोर्टात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. रावसाहेब खुर्चीवर बसलेले होते. मी घाम पुसत आत शिरलो आणि समोर पाहिले.

सहा पगड्या.

रावसाहेबांनी चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे पाहिले. मग सहा पगड्यांवरून नजर फिरवून पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"पगडी कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"घरी आहे, रावसाहेब."

"ती तिथे का आहे?"

मी शिरस्तेदारांकडे पाहिले. त्यांनी एक कागद फार मन लावून वाचायला घेतला होता. तो कोरा होता, हे त्यांच्याही लक्षात आले नसावे. नाजर दौतीत टाक बुडवून बसले होते आणि तो वर काढायचे विसरले होते. "आमचे सगळ्यांचे ठरले होते" हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले. पण ते बोलून मी कुठे जाणार होतो? याच सहांच्या पंक्तीला मला जन्मभर बसायचे होते, बसायला मिळाले तर.

"डोके दुखते," मी म्हणालो. ते तर खरेच होते.

"दुखणारच," रावसाहेब म्हणाले. "पाच वाजता आत येऊन भेटा. तुमच्या शेऱ्याचा कागदही आजच पाहायचा आहे."

दुपारपर्यंत मी कसे लिहिले ते मला ठाऊक नाही. तेलही गेले, तूपही गेले, असे मनात चालले होते. केळशीची आगबोट डोळ्यांपुढून लांब लांब जात होती. डब्याची वेळ झाली तसा मी पडवीत गेलो आणि माझा तोल सुटला. मी शिरस्तेदारांनाही सोडले नाही. "फितूर म्हणत होतात ना? मग एक सोडून सहा फितूर झाले! टोप्या घेतल्यात तरी कशाला?"

नाजरांनी हळूच कोटाच्या खिशातून घडी घातलेली काळी टोपी काढून दाखवली. त्यांच्या शेजारच्याने काढली. मग शिरस्तेदारांनी काढली. सहाच्या सहा टोप्या खिशात होत्या.

"अरे, मी घालणारच होतो," नाजर म्हणाले. "कोपऱ्यावर आलो तर पुढे हे पगडीत दिसले. म्हटले, बेत बदलला वाटते."

"मी यांना पाहिले म्हणून नाही घातली," ते पुढचे म्हणाले.

असे एकमेकांवर ढकलत प्रकरण शिरस्तेदारांपाशी आले, कारण ते सर्वांत आधी आले होते. ते खाली मान घालून म्हणाले, "मी फाटकातून आत आलो तो पट्टेवाला डोक्याला मंडील बांधून उभा."

पट्टेवाला तिथेच पाण्याची घागर ठेवत होता. तो घाबरून म्हणाला, "मना काय म्हाईत सायब? ह्यो मंडील सरकारचा हाय. तो मी रोजच बांधतंय."

एवढ्या कोर्टाची हिंमत पट्टेवाल्याच्या सरकारी मंडिलापाशी अडली होती. दुसरा कोणता दिवस असता तर मी हसून लोळलो असतो. त्या दिवशी मात्र डबा तसाच बांधला आणि जागेवर जाऊन बसलो. दुपारनंतर एकेक जण कागद घेऊन रावसाहेबांच्या खोलीत जात होता आणि येताना माझ्याकडे न बघता जागेवर बसत होता. माझा राग आणखी वाढला. म्हटले, यांना सह्या सुचतायत!

पाच वाजता मी आत गेलो. रावसाहेबांनी दार लोटायला सांगितले आणि आपली पगडी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या कपाळावर आमच्यासारखाच लाल वळ होता.

"नाशकाला होतो तेव्हा मी टोपी घालत असे," पंचाने डोके पुसत ते म्हणाले. "इथे आलो, तुम्हा सातजणांना पाहिले. वाटले, कोकणातली माणसे कडक दिसतात. मग पेटीतून पगडी काढली."

मग त्यांनी विचारले, "टोपीची कल्पना कोणाची?"

"आठवत नाही, रावसाहेब."

"तुम्हाला आठवत नसेल. मला मात्र दुपारपासून सहाजणांनी येऊन सांगितले आहे. पहिले शिरस्तेदार आले. म्हणाले, कल्पना माझी एकट्याची, पोर भोळे आहे, मीच त्याला भरीस घातले, शिक्षा करायची ती मला करा. म्हटले, वा! मग नाजर आले. कल्पना त्यांची एकट्याची. तुम्हाला काढले तर ते राजीनामा देणार आहेत. मग पुढचे आले. सहाजण सहा वेळा तेच सांगून गेले, आणि प्रत्येकाने दारातून परत फिरून विनवले की, हे बाकीच्यांना कळू देऊ नका." बोलता बोलता रावसाहेबांना हसू आवरेना. डोळे पुसून ते म्हणाले, "आता तुम्हीही बोलू नका. तुमचा शेरा मी लिहिला आहे. चांगला लिहिला आहे. उद्या टोपी घालूनच या, म्हणजे मलाही घालता येईल."

मी बाहेर आलो. सहाजण खाली माना घालून लिहीत होते. प्रत्येकाने एकदा चोरून वर पाहिले आणि माझा चेहरा पाहून, बाकीच्यांना दिसणार नाही अशा बेताने, डोळ्यांनी विचारले, "झाले ना काम?" मी सहांनाही मानेने होकार दिला. सकाळपासून ज्यांना मनात शिव्या घालत होतो, त्यांच्या पगड्यांकडे बघून मला रडे येईलसे वाटले, म्हणून मी तसाच घरी पळालो.

दुसऱ्या दिवशी सगळे टोपीत आले. रावसाहेबही टोपीत आले. जणू रत्नागिरीच्या कोर्टात पूर्वीपासून टोपीच चालत होती.

काही आठवड्यांनी केळशीजवळच्या हर्णैहून सुटलेल्या आगबोटीने बायको आली. आगबोटीतून काठाला आणणाऱ्या पडावातून उतरताना तिने पहिल्यांदा माझ्या टोपीकडे पाहिले आणि ती तोंडाला पदर लावून हसली. कायम कसे झालात, असे तिने विचारले तेव्हा मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग सहांनाही एकाच पंगतीला जेवायला बोलवा की."

"एकत्र बोलावले तर कोणी यायचेच नाही," मी म्हणालो. "प्रत्येक जण कोपऱ्यावर उभा राहून दुसरा येतो का ते बघत बसेल." म्हणून आम्ही एकेकाला वेगवेगळ्या दिवशी बोलावले. जेवून उठताना एकेकाने तिला बाजूला घेऊन सांगितले, "सूनबाई, मी काही फार केले नाही हो. रावसाहेबांच्या कानावर एक शब्द घातला, इतकेच." आणि ती दर वेळी न हसता ऐकून घेई, हे तिचे मोठेपण.

पुढे बऱ्याच वर्षांनी शिरस्तेदार पेन्शनीत निघाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला खांबाआड ओढले आणि इकडेतिकडे बघून कानात म्हणाले, "तुझ्या वेळी मी एकटा आत गेलो होतो, बरे का. इतकी वर्षे बोललो नाही. तूही कोणाला बोलू नकोस." मी वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले. नंतर एकेक करून बाकीचे पाचही निवृत्त झाले. प्रत्येकाने जाताना मला कुठे ना कुठे बाजूला ओढले आणि हेच सांगितले. मी प्रत्येकाला तसाच नमस्कार केला, आणि दर वेळी तो मनापासून केला.